पंचेचाळीस वर्षांचं गाव

रामगोंडा सरांची पीएचडी माझ्यापायी बुडाली, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे प्रभावतीबाईंनी, मला तोंडावर सांगितलंय. एकदा नव्हे, दर खेपेला. आधी ताटात भाकरी वाढायची, वर तूप सोडायचं आणि मग सांगायचं. मी आपली जेवत राहते. बाईंचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या बुडवण्यात आमच्या गावाचा, लालासाहेब सरपंचाचा, माझ्या बापाचा आणि पुण्याच्या त्या कॉम्प्युटरचाही वाटा आहे. त्यांना मात्र कुणी काही ऐकवत नाही.

सर मूळचे सांगलीकडचे. मराठी बोलणारं जैन शेतकरी घर, रानात ऊस आणि हळद. वडिलांची इच्छा, थोरल्यानं शेत बघावं. थोरला निघाला साताऱ्याला, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला. अंगानं काटकुळे, आणि आवाज इतका मऊ की मागच्या बाकावरची पोरं तासाला निवांत झोपा काढायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम. त्यामुळं कॉलेजच्या संमेलनात बक्षीस समारंभ रंगात आला की सर गायब. प्रिन्सिपॉल चिडून म्हणायचे, या माणसाचं सगळं देणंघेणं सूर्याशी, आमच्याशी काही नाही.

असा हा साधा माणूस पुण्याला कसल्याशा शिबिराला गेला, तिथं त्यानं कॉम्प्युटर बघितला आणि एखाद्याला बुवा भेटावा तसा बदलून परत आला. सन बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. तेव्हा साताऱ्यात कॉम्प्युटर म्हटलं की लोक विचारायचे, कुठल्या गावचा? सर मात्र भेटेल त्याला खिशातून एक कार्ड काढून दाखवायचे. पोस्टकार्डापेक्षा लांब, जाडसर, आणि त्याला चौकोनी भोकं पाडलेली. एका घराला एक कार्ड, एका उत्तराला एक भोक. कार्डांची चळत मशीनमध्ये घातली की मशीन भोकं वाचतं आणि सगळ्या घरांचा हिशोब मांडून देतं. कँटीनवाल्यानं ते कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, उंदरानं खाल्लंय ओ सर. पोरांनी सरांचं नाव ‘भोकाचे मास्तर’ ठेवलं. सरांना ते कळलं तेव्हा त्यांना आनंदच झाला, कारण निदान पोरांना विषय समजला होता.

त्यांच्या पीएचडीचा विषय होता, उच्च शिक्षणाचा खेड्यातल्या घरांवर काय परिणाम होतो. यावर भाषण ठोकणारे ढीगभर होते, मोजायला कुणी जात नव्हतं. सरांना एक अख्खं गाव मोजायचं होतं, एकही घर न सोडता. सहा वर्षं त्यांनी नुसती पुस्तकं वाचण्यात घालवली होती, आणि आता वेळ उरला नव्हता. त्यांचे गाईड चौऱ्याहत्तरच्या जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याच्या आत प्रबंध गेला तर सर डॉक्टर, आणि कॉलेजात विभागप्रमुखाची जागा त्यांची. नाही गेला तर नवा गाईड, नवा विषय आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. 

गाव निवडताना सरांनी काय शास्त्र लावलं ते मला ठाऊक नाही. माझा बाप म्हणतो, उंब्रजच्या स्टँडवर सर पाणी कुठं मिळेल म्हणून विचारत होते, मी त्यांना घरी आणलं. माझा बाप म्हणजे केरबा हवालदार. पलटणीतून निवृत्त होऊन आला तरी पलटण काही त्याच्यातून निवृत्त झाली नव्हती. आमची म्हैससुद्धा वेळेवर उठायची. उंब्रजपासून दोन कोसांवर आमची वाडी, उसाचं गाव, आणि गावाला एकच अभिमान, तो म्हणजे बिनविरोध.

हे बिनविरोध प्रकरण समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात निवडणूक होत नसे. ग्रामपंचायत बिनविरोध, सोसायटी बिनविरोध, जत्रेतल्या कुस्त्यांचा पंचसुद्धा बिनविरोध. त्याला कारण होतं. पूर्वी एकदा विजेचे खांब कुठं रोवायचे म्हणून एक साहेब विचारायला आला, तर दहा जणांनी दहा जागा दाखवल्या. साहेबानं कागद गुंडाळला आणि खांब शेजारच्या गावाला दिले. आम्ही पुढं कैक वर्षं कंदिलाच्या काचा पुसत बसलो. तेव्हा लालासाहेबांनी देवळात सगळ्यांना शपथ घातली की भायरचा माणूस काय बी इचारू दे, गावाचं उत्तर एक. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडायचं ते देवळात भांडायचं. ठराव झाला की मग तो मोडणारा गावाचा न्हाई.

आणि अशा गावात आमचे सर प्रत्येक माणसाचं वेगवेगळं मत मोजायला आले. बरं, आले ते आले, रीत म्हणून आधी सरपंचाकडं गेले, त्यांच्या तोंडून बिनविरोधाची थोरवी ऐकून घेतली आणि छापलेले कोरे फॉर्म त्यांच्या हातात दिले. वय किती, जमीन किती, घरात माणसं किती, मुलाला कॉलेजला घालाल का, मुलीला घालाल का, असले सगळे प्रश्न. उत्तरं खरी हवीत, एवढं मात्र त्यांनी हात जोडून सांगितलं. मग देवळापुढं माहिती कशी जपायची त्यावर मऊ आवाजात भाषण दिलं. फॉर्मला पाणी लागता कामा नये, उंदीर लागता कामा नये, परक्याचा हात लागता कामा नये. गावाला त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. माझ्या बापाला सगळं आलं, कारण हे दारूगोळ्याचे नियम त्याला पाठ होते. त्यानं सरांपुढं टाच आपटली आणि म्हणाला, आठवड्यात एकूण एक घर भरून देतो. सर भाबडेपणानं हरखले. पोस्टानं पाठवलेले फॉर्म चार आण्यांनीसुद्धा परत येत नाहीत म्हणे, आणि इथं सोळा आणे परत येणार होते.

सरांची पाठ वळली आणि लालासाहेबांनी बैठक बोलावली. बायकापोरींनी बैठकीत यायचं नसतं, पण मी अकरावी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि प्रश्न भरभर वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला खांबाआड बसवलं. मी प्रश्न वाचायचा, गावानं एक उत्तर ठरवायचं. वयाचा प्रश्न आला. लालासाहेब पंचेचाळीसचे होते, म्हणून गाव पंचेचाळीसचं ठरलं. ऐंशीच्या घरातला जोतिबाआजा खूश झाला. रंगूबाईनं मात्र दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्या पंचायतीचा उद्धार केला, कारण नवऱ्यामागं घर चालवणारी ती बाई पस्तिशीची होती. जमिनीचा प्रश्न आला तेव्हा सगळे एकदम सावध झाले. सीलिंगचे दिवस, जादा जमीन सरकारजमा होत होती, कोण जाणे हा मास्तर कुणाचा माणूस! तेव्हा सरसकट पाच एकर ठरली. ज्याच्या मालकीचा उकिरडासुद्धा नव्हता त्या आकारामलाही पाच एकर मिळाली. तो तर आठवडाभर बांधावरून फिरल्यासारखा गावातून फिरत होता.

मग मुलीला कॉलेजला घालाल का हा प्रश्न आला आणि देवळात हशा पिकला. जोतिबाआजा म्हणाला, पोरी कॉलेजला गेल्या तर चूल काय मारुती फुकणार का? तेव्हा लालासाहेबांनी सगळ्यांना अक्कल शिकवली. ही पाहणी कशाला चाललीय, ते ओळखा. कुठंतरी कॉलेज काढायचं असणार, त्याशिवाय एवढा शिकलेला माणूस उन्हातानाचा कशाला हिंडेल? पोरी धरल्या की पटावरचा आकडा दुप्पट होतो, आणि कॉलेज आपल्याच माळावर येतं. म्हणायला काय जातंय? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. हे पटल्याबरोबर माझा बाप ताडकन उठला आणि म्हणाला, “मी सूचना मांडतो. गावातली येकूण येक पोरगी कॉलेजला घालायची.” आकारामनं अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं, अक्षर चांगलं म्हणून. ओसरीवर बसून मी गावभरचे फॉर्म भरले. पंचेचाळीस, पाच एकर, माणसं पाच, मुलीला कॉलेजला घालाल का, हो. पहिले काही लिहिताना मला हसू येत होतं. पुढं हसू थांबलं. हो, हो, हो, असं लिहिता लिहिता माझंच मन फिरलं. मला खरंच कॉलेजला जायचं होतं, लहानपणापासून, आणि ते मी आईशिवाय कुणाला बोलले नव्हते. आता सगळं गाव, घरटी एक, माझ्या हातानं हो म्हणत होतं. शेवटचा फॉर्म आमच्या घरचा होता. तो मी सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिला, आणि बापानं त्यावर ऐटीत सही ठोकली.

सगळ्या फॉर्मांचा गठ्ठा बापानं मेणकापडात गुंडाळला, वर किंतान घातलं, दाभण घेऊन चारी बाजूंनी शिवला आणि काथ्यानं अशा गाठी मारल्या की बैलसुद्धा तोडणार नाही. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. उघडून बघायचं त्यांच्या मनात आलं असणार, पण माहिती इतकी जपणारा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. वर्गातली पोरं हजेरीपट जपत नाहीत, आणि इथं हवालदारानं शिवलेला गठ्ठा! त्यांनी तो तसाच ट्रंकेत ठेवला. मग सहामाही आली, वार्षिक आली, पेपरांचे गठ्ठे तपासायला आले. पुण्याच्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर त्यांना मे महिन्यात वेळ मिळाली होती, आणि तिथं कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुली होत्या. गठ्ठा थेट तिथंच उसवला गेला, आणि सर कँटीनमध्ये दूध पीत बसले.

पुढचं सरांनीच मला सांगितलंय, खूप वर्षांनी, हसत हसत. कार्डं मशीनमध्ये गेली. मशीननं पट्ट्यापट्ट्यांचा रुंद कागद ओकायला सुरुवात केली. कुटुंबप्रमुखाचं सरासरी वय पंचेचाळीस, फरक शून्य. सरासरी जमीन पाच एकर, फरक शून्य. माणसामाणसांत जो फरक असतो त्यावरच सरांचं सगळं गणित उभं होतं. मशीन या फरकानं कशाला तरी भागायला गेलं, शून्यानं भागायची पाळी आली आणि पुण्याच्या त्या एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरनं आमच्या वाडीपुढं मान टाकली. मशीनवरचा माणूस बाहेर येऊन सरांना अदबीनं म्हणाला, साहेब, एकच कार्ड एवढ्यांदा कशाला करून आणलंत? सरांनी फॉर्म हातात घेतले. सगळे एका अक्षरात. अक्षर मात्र छान आहे, असं तो माणूस म्हणाला. ती खोली एसीची होती, आणि सरांना दरदरून घाम फुटला.

ते तिथून तडक गाईडकडं गेले. गाईड जाडजूड, अनुभवी, प्रबंधांच्या बाबतीत कसलाही विधिनिषेध नसलेला माणूस. त्यानं सुपारी कातरता कातरता उपाय सांगितला. पाच एकराची कुठं तीन कर, कुठं सात कर. पंचेचाळीसचं कुठं साठ कर. दोन दिवसांचं काम, नवी भोकं पाड आणि मोकळा हो, तुझं गाव कोण बघायला येतंय? सर उभेच राहिले. म्हणाले, माणसं जिवंत आहेत की सर, त्यांनाच विचारतो. जूनअखेरपर्यंत वेळ होता. गावात जायचं, ही उत्तरं खोटी आहेत असं तोंडावर सांगायचं, नवे फॉर्म घेऊन स्वतः घरोघर बसायचं, मशीन नाही तर नाही, हातानं बेरजा करायच्या आणि प्रबंध टाकायचा. जमण्यासारखं होतं. प्रभावतीबाईंनी भाकऱ्यांची चवड बांधून दिली, आणि या खेपेला सरपंचाकडं पाणीसुद्धा पिऊ नका, असं बजावलं.

आता इकडं माझी कथा. मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. बापानं पेढे वाटले आणि त्याच पेढ्याच्या पुड्याबरोबर मेढ्याकडचं एक स्थळ घरात आणलं. मुलगा पलटणीत, जमीन डोंगरउताराची, घरात सासू आणि दोन नणंदा. पुढच्या शुक्रवारी सुपारी फोडायची ठरलं. मी म्हटलं, मला कॉलेजला जायचंय, तुम्ही सूचना मांडली होती. बाप म्हणाला, “ते कालेज गावात येणार म्हनून. आलंय का?” माझी आई चंद्राबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, जाऊ द्या की पोरीला, तुमाला काय तिच्या खांद्यावर बंदूक द्यायची न्हाई. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मी भांडले, रडले, जेवण सोडलं. बापानं माझं ताट म्हशीपुढं ठेवलं. हवालदार उपोषणाला भीत नसतो.

गुरुवारी दुपारी सर आले. खांद्याला पिशवी, काखेत तो पट्ट्यांचा कागद, आणि चेहरा असा की मी ओळखलंच नाही. गरीब माणूस चिडतो तेव्हा त्याला चिडायची सवय नसते. आकारामनं गावात आवई उठवली की मास्तर कालेज घेऊन आलाय, आणि बघता बघता देवळापुढं गाव जमलं. लालासाहेब नवा फेटा बांधून आले. बायका कट्ट्याखाली उभ्या राहिल्या, मीही.

सरांनी कागद पायरीवर उलगडला. तो खाली लोळत लोळत पार आकारामच्या पायापर्यंत गेला. सर म्हणाले, तुमच्या गावात एवढी माणसं राहतात का एकच माणूस राहतो, ते मला आज कळलं पाहिजे बघा. सहा वर्षं झिजलो मी. मशीननं तुमची सगळी उत्तरं तपासली, आणि... त्यांनी पिशवीत हात घातला.

मला काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. बैठकीत बाईमाणसानं तोंड उघडायचं नसतं. पण उद्या सुपारी फुटणार होती, आणि हा एकच माणूस या गावात असा होता ज्यानं मुलीला कॉलेजला घालाल का, असं कुणाला तरी विचारलं होतं. मी पायरीवर चढले आणि म्हटलं, “सर, पोरीस्नी कॉलेजला घालनार का, त्याचं मशीननं काय सांगितलं?”

बापाचे डोळे माझ्यावर रोखलेले. सरांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या बापाकडं बघितलं. मग खाली आईकडं बघितलं, ती पदर तोंडावर धरून उभी होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मास्तर होते ते, पोरीच्या तोंडावरचं त्यांना वाचता येत होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला, आणि कागदावर बोट फिरवत ते एका ओळीवर थांबवलं.

“शंभर टक्के,” ते म्हणाले. “एकाही घरानं नाही म्हटलेलं नाही, अक्का.”

लालासाहेबांची छाती फुगली. मग आमचं गावच तसं हाय, ते म्हणाले. सर त्यांच्याकडं वळले आणि आपल्या त्याच मऊ आवाजात बोलायला लागले, पण त्या दिवशी शेवटच्या माणसालाही ऐकू आलं. पुण्यातले लोक आश्चर्य करतात म्हणाले, एवढं एकमत कुठल्याच गावात सापडलेलं नाही. पण आता हे मशीनच्या पोटात गेलंय, सरपंच. एका घरानं जरी माघार घेतली, तरी ही बिनविरोध पाहणी बिनविरोध राहत नाही की.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. माणूस जैन, खोटं बोलायचं नाही हे घरचं वळण. त्यांनी फक्त खरं कुठून कुठपर्यंत सांगायचं ते ठरवलं.

लालासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बिनविरोध मोडणं म्हणजे त्यांना धोतर सुटण्यासारखं होतं. ते माझ्या बापाला म्हणाले, “केरबा, सूचना तुझीच व्हती रं.” माझ्या बापानं आयुष्यात चिनी गोळ्या खाल्ल्या होत्या, पण अशा कोंडीत तो कधी सापडला नव्हता. समोर गाव, वर देव, मागं स्वतःची सही. त्यानं मिशीला हात लावला. मग म्हणाला, “ठरावाच्या भायर मी न्हाई.” आणि टाच आपटून घरी निघून गेला. शुक्रवारी मेढ्याला निरोप गेला.

सरांनी पिशवीतून अर्धवट बाहेर काढलेले कोरे फॉर्म पुन्हा आत सारले. ते मी बघितलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. ऊन कलायला लागलं होतं. आईनं त्यांना दिवस असतानाच जेवायला वाढलं, कांदालसणाशिवाय. ते जेवले, आणि शेवटच्या एसटीनं गेले.

गाईड निवृत्त झाला. सरांनी प्रबंध टाकला नाही. विभागप्रमुख झाला तो दुसराच कुणी, ज्यानं कॉम्प्युटरचं चित्रसुद्धा बघितलं नव्हतं. सर त्याला तास संपल्यावर खडू नेऊन द्यायचे. मला हे कॉलेजात गेल्यावर दिसत होतं, पण आतलं काही ठाऊक नव्हतं. माळावर कॉलेज आलं नाही ते नाहीच, म्हणून मी रोज उंब्रजवरून एसटीनं साताऱ्याला जायची. पुढच्या वर्षी लालासाहेबांना आपली धाकटी धाडावी लागली, कारण लोक विचारायला लागले, ठराव काय फक्त केरबाला लागू हाय का? त्याच्या पुढच्या वर्षी आकारामची पुतणी. आम्ही पोरी मागच्या सीटवर बसून गावाच्या नावानं हसायचो. रंगूबाईची पोरगी सांगायची, आमची आय अजून पंचेचाळीस म्हटलं की दगड उचलती.

प्रभावतीबाई मला पहिल्यांदा भेटल्या ते सर सांगलीच्या कॉलेजात गेल्यावर. मी पेढे घेऊन गेले होते, बीए झाल्याचे. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पेढा हातात धरूनच म्हणाल्या, ती तूच व्हय? मग कोऱ्या फॉर्मांचं, जूनअखेरचं, सगळं माझ्या पुढ्यात ओतलं. तो एक प्रश्न सोडून बाकीचे विचारायचे होते की, असं मी यांना शंभरदा म्हटलं, त्या म्हणाल्या. तर हे म्हणतात, फॉर्म पुन्हा काढला असता तर ठराव मोडला असता. मी सरांना विचारलं, खरं का? सर म्हणाले, ती चिडली की आकडे फुगवून सांगते. मला इतका राग आला त्यांचा! असं न सांगता कुणासाठी कुणी काही करतं का? माणसाला निदान नीट रडायला तरी मिळालं पाहिजे.

म्हणून मी एमएला होते तेव्हा, एकोणऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत, सरांचे तेच जुने कोरे फॉर्म मागून घेतले आणि गावात फिरले. घरोघर, एकटी. लालासाहेबांनी बैठक बोलवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, आता ज्यानंत्यानं आपापलं सांगायचं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण गाव बोललं. जमीन कुणाची सोळा एकर, कुणाची दोन गुंठे. मुलीला कॉलेजला घालाल का, तर कुणी हो, कुणी नाही, कुणी म्हणे बघू. जोतिबाआजा म्हणाला, लग्नाआधी घाला न्हाईतर लग्नानंतर, पन चूल कोन फुकनार ते आधी सांगा. एका घरात नवरा हो म्हणाला, बायको नाही म्हणाली आणि माझ्यादेखत भांडी आपटली.

ती चळत घेऊन मी सांगलीला गेले. सर ओसरीवर बसले होते, केस पिकलेले. मी म्हटलं, घ्या, आता करा तुमची पीएचडी. ते एकेक फॉर्म हातात घेऊन वाचायला लागले, आणि लहान पोरासारखे खुलले. फरक पडला की, प्रभावती, फरक पडला, असं आत ओरडून सांगितलं. आतून उत्तर आलं, आता पडून काय उपयोग, जेवायला या, दिवस मावळतोय. सरपंचाचं वय काय निघालं, त्यांनी मला विचारलं. पंचेचाळीस, मी म्हटलं. अजून तेच सांगतात.

हसता हसता सरांच्या हातात आमच्या घरचा फॉर्म आला. तो मी भरलेला नव्हता. माझ्या बापानं माझ्याकडून पेन हिसकावून घेऊन स्वतः भरला होता, हवालदारी मोडक्या अक्षरात. मुलीला कॉलेजला घालाल का? पुढं दोनच घरं होती, हो आणि नाही, खूण करायला. त्यानं दोन्ही मोकळी सोडली होती आणि समासात लिहिलं होतं, “घातली हाय.”

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसायला लागले.

“सुला,” ते म्हणाले, “याला कार्डावर जागाच नाही की गं. भोक कुठं पाडायचं?”

आतून प्रभावतीबाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली. सरांनी बाकीचे फॉर्म माझ्या हातात दिले, तो एक स्वतःकडं ठेवला, आणि आम्ही जेवायला उठलो.